अकरा वठलेली झाडं

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर हिरव्या शाईत ‘प्रज्ञेश, ऊर्जा वाचवणाऱ्या घरांचे आर्किटेक्ट’ असं छापलंय. सदाशिव पेठेतल्या ज्या ऑफिसात बसून मी ते कार्ड देतो, तिथे एकही खिडकी नाही. एसी सकाळी नऊला सुरू होतो. मी जंगलातल्या घरांवर तीन वर्षं भाषणं ठोकली, पण तसं घर एकही बांधलं नव्हतं.

म्हणून सत्यशीलाबाई आल्या तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. बाई निवृत्त उपजिल्हाधिकारी, माहेर भंडाऱ्याचं. मुळशी रस्त्याला झाडांनी भरलेली त्यांची वीस गुंठे जागा होती.

“मला एसी नको आणि झाडांना धक्का नको,” त्या म्हणाल्या. “बाकी तुम्ही शिकलेले आहात.”

मार्चमध्ये मी जागा पाहायला गेलो. बाई तेव्हा नागपूरला लेकीकडे होत्या. जागेच्या पश्चिमेला अकरा झाडं नुसत्या काटक्या होऊन उभी होती. एकावरही पान नव्हतं. मी वहीत लिहिलं, ‘वठलेली.’ जागेची राखण करणाऱ्या हिंदुरावांकडून प्रत्येक खोडावर लाल रंगात आकडे घालून घेतले आणि दुपारच्या आत पुण्यात परतलो. चांदणी चौकात गर्दी व्हायच्या आत पोचायचं होतं.

मग सुरू झालं माझं डिझाइन. अकरा झाडं काढल्यावर पश्चिमेचं ऊन थेट भिंतीवर येत होतं. कॉम्प्युटर म्हणाला, मे महिन्यात घर भाजून निघेल. त्यावर मी उपाय काढला. भिंतीपासून चार फुटांवर तीस फूट उंच लाकडी पट्ट्यांचा पडदा, लाकूड परदेशातून आणायचं. म्हणजे झाडं काढायची आणि सावलीसाठी तिथेच लाकडं उभी करायची. यात काही विचित्र आहे, हे मला दोन महिन्यांत एकदाही सुचलं नाही. उलट त्या पडद्याचे फोटो मी चार ग्रुपांवर टाकले.

झाडं तोडायच्या परवानगीचा अर्जही मीच भरला. बाईंनी फोनवर एवढंच विचारलं, “नक्की वठलीत ना? तुम्ही स्वतः पाहिलीत?”

“स्वतः पाहिलीत, मॅडम.”

मेच्या शेवटच्या आठवड्यात त्या सही करायला थेट जागेवर आल्या. मी एका हातात अर्ज, दुसऱ्या हातात घराचं पुठ्ठ्याचं मॉडेल घेऊन गाडीतून उतरलो आणि तिथेच थांबलो. पश्चिमेला गच्च सावली होती. बेहडा, ऐन, सगळे कोवळ्या पानांनी भरलेले. सात नंबर तर बहावा निघाला. पिवळ्याधमक घोसांनी लगडला होता आणि खोडावर माझा लाल आकडा.

“हिंदुराव, तुम्ही बोलला का नाहीत?” मी हळूच विचारलं.

“मला वाटलं, तुमी मोजून जपायला सांगताय,” ते म्हणाले. “म्हनून तर पावसाआधी आकडे पुन्ना गिरवायला रंग-बुरूस आनलाय.”

बाई बहाव्याखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला, पेन उघडलं. “आणा अर्ज. मेलेली अकरा कुठली? पलीकडे आहेत का?”

पलीकडे आहेत, असं सांगून वेळ मारून नेता आली असती. माझं पहिलं घर होतं ते. पण त्या माझ्या शब्दावर सही करायला निघाल्या होत्या, आणि मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

“मॅडम, तुम्ही यांच्याच सावलीत बसल्या आहात,” मी म्हणालो. “मार्चमध्ये पानं नव्हती. पानगळ म्हणतात ते मी चौथीत शिकलो होतो, इथे आठवलं नाही.” आणि अर्ज फाडून खिशात कोंबला.

बाईंनी माझं मॉडेल मांडीवर घेतलं, लाकडी पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि हिंदुरावांकडे हात केला. “तो ब्रश द्या जरा.”

त्यांनी माझ्या घराच्या छपरावर ठळक लाल रंगात बाराचा आकडा काढला.

“हे मला वठलेलं दिसतंय,” त्या म्हणाल्या. “पण घाई नको. दर महिन्याला इथे येऊन बसत जा. पुढच्या मेपर्यंत बघू, पालवी फुटते का.”