मखमली पेटीतली दातपडकी

मी एक दातपडकी कॅसेट बोलतेय. हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. माझा दात म्हातारपणानं पडलेला नाही, एका बाईनं तो अडकित्त्यानं पाडलाय. आणि त्या दातापायीच मी आज तुमच्याशी बोलायला शिल्लक आहे.

कॅसेटला दात कुठला, असं तुम्ही विचाराल. व्हिडिओ कॅसेटच्या पाठीच्या कडेला, कोपऱ्यात, प्लॅस्टिकची एक चिमुकली पट्टी असते. ती असेतोवर आमच्यावर कुणीही काहीही भरावं. काल लग्न, आज मारामारी, उद्या कीर्तन. पट्टी मोडली की मशीन आमच्यावर नवं काही भरत नाही. भीमाशंकर फोटोवाला तिला दात म्हणायचा. त्याच्याच पिशवीतून मी कोरी करकरीत उदगीरला आले.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. पाण्याच्या टँकरवर उस्मानाबादच्या नावावर रंग फासून 'जिल्हा लातूर' असं लिहिलं होतं. रंग पातळ, त्यामुळं उन्हात खालचं जुनं नाव खुशाल वाचता यायचं. जिल्हा मिळाला, पाणी तेवढं राहिलं, असं लोक म्हणायचे. पाऊस दोन वर्षं रुसला होता.

पंचाक्षरीअप्पा तिथल्या बाजारातले धान्याचे आडते. पोतीच येईनात, तेव्हा रिकाम्या आडतीत त्यांनी व्हिडिओ लायब्ररी टाकली. धान्याच्या नमुन्यांच्या फळ्यांवर सिनेमे बसले. पण धंदा बदलला म्हणून सवय थोडीच बदलते? धान्य घेताना अप्पा पोत्यात लोखंडी नळी खुपसायचे. वरून, मधून आणि बुडातून दाणे काढायचे आणि तळहातावर बघून भाव सांगायचे. सिनेमालाही त्यांनी हाच न्याय लावला. कॅसेट मशीनमध्ये घालायची, पळवायची, तीन ठिकाणी थांबवून बघायची आणि निकाल द्यायचा. अख्खा सिनेमा बघून मत देणं म्हणजे त्यांच्या लेखी अख्खं पोतं खाऊन भाव ठरवण्यासारखं होतं.

"वर पाळणा, मधी पाळणा, बुडाला सरण," एका रडक्या सिनेमाला त्यांनी सुनावलं. "माल ओला हाय. दोन नंबर."

अप्पांची एकुलती लेक शिवगंगा. तिचं लग्न भोकरच्या बसवराजशी ठरलं आणि अप्पांनी मलप्पा सुताराकडून एक सागवानी पेटी करून घेतली. वर पितळेची नक्षी, आत तांबडी मखमल. लग्नाची कॅसेट तीत ठेवायची. म्हणजे माझ्यात काही भरायच्या आधीच माझं घर तयार होतं! असं नशीब भल्याभल्या सिनेमांना लाभत नाही. मी जरा फुगलेच होते, खोटं कशाला बोलू?

लग्नाच्या दिवशी सकाळभर मी गुणी मुलीसारखं सगळं टिपलं. नव्या जिल्ह्याच्या कचेरीतले साहेब लोक आले, हार झाले. आहेराची भांडी मांडवात रांगेनं मांडली. त्या वर्षी सगळ्यात भारी आहेर म्हणजे काठोकाठ भरलेली घागर. ती देणाऱ्याचं नाव दोनदा पुकारलं. आणि स्वामींनी अक्षतांसाठी हात वर केला, तोच गल्लीच्या तोंडाशी टँकरचा भोंगा वाजला.

मग काय विचारता! मांडलेला आहेर जागचा उठला. कुणी चरवी उचलली, कुणी नाव कोरलेलं पातेलं. नवरीची आई शांतम्मा पळाली, नवऱ्याची आई पार्वतम्मा पळाली. शिवगंगा बाशिंग सावरत कळशी घेऊन निघाली. भोंगा ऐकला की तिचे पाय आपोआप चालायचे. आज लग्न आहे हे त्यांना कोण सांगणार? मांडवात नवरदेव एकटा उरला. त्यानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि एक पितळी बादली घेऊन तोही मुकाट्यानं रांगेला लागला. कॅमेरा खांद्यावर घेऊन भीमाशंकर सगळ्यांच्या मागं धावत होता. म्हणून माझ्यातलं चित्र हलतं, बाकी माझ्यात काही खोट नाही.

अक्षता पडल्या त्या उन्हं कलल्यावर, ओल्या पदरांवर. वऱ्हाड भोकरला गेलं आणि अप्पांनी घर डोक्यावर घेतलं.

"नाक कापलंस, शांते! साहेब लोक बसलेले, अन् नवरीची माय पयली पळाली. मी एकटा हुभा होतो मांडवात. कुणीतरी थांबाया नगं का?"

हेच त्यांनी बाजारभर सांगितलं. झुंबडीत ज्याचा डोळा त्याच्या भांड्यावर, त्यामुळं सगळ्यांनी मान डोलावली. शांतम्मानं ते मानूनही घेतलं. पळाली तर होतीच बिचारी. लेक त्या घरी नांदायची आहे, आपल्यापायी तिला बोल लागायचा, हा धसका तिनं घेतला. खरं काय ते माझ्या पोटात होतं, आणि मला अप्पांनी गोणपाटात गुंडाळून तळाच्या फळीवर टाकलं होतं. भीमाशंकरला ठाऊक होतं. पण त्याला लग्नाची कामं अप्पांच्या ओळखीनं मिळायची, तेव्हा त्याचंही तोंड शिवलेलं.

पेटी रिकामी राहिली. मग अप्पांनी जाहीर केलं की सगळ्यात उत्तम सिनेमा या पेटीत बसेल. बाजारात कुणालाच काम नव्हतं, त्यामुळं वादाला ऊत आला. विरूपाक्षशेट म्हणाले, जो रडवतो तो उत्तम. त्यांचे भाऊ म्हणाले, रडायला घर आहे की, जो हसवतो तो. दगडोबा हमाल मोठ्या काट्यावर बसून म्हणाला, "ज्या सिनेमात पाऊस हाय, त्योच एक नंबर." त्यावर सगळे वाद सोडून पावसाचं एक गाणं लावून पुन्हा पुन्हा बघत बसले.

अप्पांनी मात्र आपली नळीच चालवली. एका सिनेमात वर देव, मधे देव, बुडाला देव निघाला. तो पेटीत बसला. नळी जिथं पोचली नव्हती तिथं दोन नाच होते, असे की पेटीच्या भरवशावर पोराबाळांसकट बघायला बसलेली घरं ताडकन उठून गेली. मी गोणपाटात पोट धरून हसले.

हसू फार टिकलं नाही. पंचमी आली. शिवगंगाला माहेरी सोडायला व्याही-विहीण स्वतः येणार, आणि लग्नाची कॅसेट बघू म्हणतात, असा निरोप आला. अप्पांचा चेहरा उतरला.

"हिच्यावर दुसरा सिनेमा भरून टाकतो," ते म्हणाले. "कॅसेट बिघडली म्हनून सांगू."

"अवो, माझी लेक हाय तिच्यात!" शांतम्मा म्हणाली.

"लेक येऊन राह्यली की घरी. बघ तिलाच."

पदर खोचून शांतम्मा भीमाशंकरकडं गेली आणि परत येऊन सुपारीचं तबक पुढं घेतलं. अडकित्त्याच्या तोंडात माझी कड आली. कट्! दात सुपारीत पडला, आणि मला पुन्हा गोणपाटात ठेवून ती पुरणाला लागली.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी मला मशीनमध्ये घातलं आणि तांबडं बटण दाबलं. मशीननं मला बाहेर थुंकलं. पुन्हा घातलं, पुन्हा थुंकलं. अप्पांनी मशीन पुसलं, त्याला उदबत्ती ओवाळली. दुसरी कॅसेट घातली तर ती निमूट भरू लागली.

"म्हंजी हिच्यातच खोट हाय," ते पुटपुटले, आणि खोट शोधायला त्यांनी आपली जुनी नळी काढली.

वरून बघितलं. अप्पा साहेबांना हार घालत होते. ठीक.

मधून बघितलं. धोतराचा सोगा दातात धरून, घरातला सगळ्यात मोठा हंडा कवटाळून, विहीणबाईंना कोपरानं बाजूला सारत सगळ्यांच्या पुढं कोण पळत होतं? पंचाक्षरीअप्पा!

"अगं बया," मागून आवाज आला. "मला वाटलं बैलच आडवा आला."

पार्वतम्मा दारात उभ्या होत्या. मागं व्याही, बसवराज, शिवगंगा. सकाळची गाडी लवकर पोचली होती. पार्वतम्माच्या हातात एक चरवी होती, शांतम्माचं नाव कोरलेली.

"ही गडबडीत माझ्यासंगं आली, विहीणबाई," त्या ओशाळून म्हणाल्या. "दोन महिने झोप न्हाई. म्हनलं, उदगीरवाले आमास्नी काय म्हनत असतील? कॅसेट एवढ्यासाठीच मागितली, मी कशी पळाले ते बघाया."

शांतम्मानं चरवी घेतली आणि खळकन रडू आलं तिला. मग हसू आलं. शिवगंगा तर भिंतीला टेकून हसत होती. "अप्पा, बाजारात ऐकलं, तुमी तर मांडवात हुभे होता ना?"

अप्पांनी सवयीनं बटण दाबलं आणि बुडातून बघितलं. काठोकाठ भरलेला हंडा खाली ठेवून ते भीमाशंकरवर ओरडत होते, "बंद कर ते डबडं!" आणि त्यांच्या पाठीमागं शांतम्मा उभी होती, रिकामी घागर घेऊन. टँकर संपला होता. ओठ सुकलेले. ती हंड्याकडं बघत होती आणि हंडेवाल्यानं एकदाही मागं वळून बघितलं नव्हतं.

अप्पांनी चित्र तिथंच थांबवलं. अप्पा उठले, आत गेले, माठातून एक गिलास भरून आणला. पाहुण्यांना ओलांडून तो शांतम्माच्या हातात दिला आणि म्हणाले, "घे." एवढंच. मग देवाचा सिनेमा पेटीतून काढून मला आत ठेवलं. "खरा माल हाय," ते खाली मान घालून म्हणाले. "एक नंबर."

पुढं पाऊस झाला, आडत पोत्यांनी भरली, सिनेमे कुठं कुठं गेले. मशीन भंगारात गेलं, मी पेटीतच राहिले. अप्पांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. कुणी पाहुणा आला की शांतम्मा पेटी उघडते, मला मांडीवर घेते आणि माझ्यातला सिनेमा तोंडानं लावते. भोंगासुद्धा स्वतःच वाजवते. शेवट ठरलेला असतो.

"अन् हे पळत आले हंडा घेऊन. मागं वळून बघितलं, अन् पयला गिलास मला दिला. म्हनले, घे शांते, सकाळधरनं तुझ्या घशात थेंब न्हाई."

माझ्यात असं काही नाही. गिलास खरा आहे, पण तो पंचमीचा. तिनं तो तिथून उचलून लग्नात नेऊन ठेवलाय. दात पाडून मला ज्या बाईनं वाचवलं, तीच माझ्यावर नवं भरत बसलीय!

परवा शिवगंगाचा जावई आला होता. त्याला नावाजलेले सिनेमे भारी पेट्यांतून जमवायचा नाद आहे. चित्र धुऊनपुसून लख्ख केलेलं, सोबत चकचकीत पुस्तिका. मला उलटून पालटून बघत तो म्हणाला, "आजी, पुण्यात एक जण जुन्या कॅसेटी दुरुस्त करून देतो. अगदी जसं घडलं तसं दिसेल."

शांतम्मानं मला त्याच्या हातातून घेतलं. माझ्या पडलेल्या दाताच्या खाचेवरून अंगठा फिरवला.

"नगं, बाळा," ती म्हणाली. "बघून झालंय माझं."

आणि पेटीचं झाकण लावलं. आत अंधार आहे, मखमल विरलीय, माझ्या फितीला बुरशी धरलीय. तरी तुम्हाला हात जोडून सांगते, मला दुरुस्त करायला कुणी नेऊ नका. तो गिलास आहे तिथं राहू द्या.