न वाजलेली शिट्टी

मी शिट्टी. बोलायला मला नेहमी दुसऱ्याचा श्वास लागतो. आज कुणाचा उसना न घेता बोलतेय, तेव्हा आवाज बारीक आला तर चालवून घ्या.

मी पितळेची. वर पांढरी चकाकी होती, ती आता कडांवरून उडाली आहे. पोटात बुचाचा एक दाणा आहे. फुंक मारली की तो गरगर फिरतो आणि माझा आवाज थरथरतो. हल्लीच्या प्लास्टिकच्या शिट्ट्यांना दाणाच नसतो. त्या मोठ्यानं ओरडतात, पण ओरडणं वेगळं आणि बोलणं वेगळं, असं आपलं माझं मत.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. आठवतो तो पंढरीचा गळा. पंढरी करावे गावचा. जमीन होती तोवर त्यानं शेती केली, शहर दारात आल्यावर नोकरी धरली. पण गावात त्याला ओळखायचे ते कबड्डीचा पंच म्हणून. पंढरीनं वाजवली की वाजवली, मग कुणी हुज्जत घालत नसे. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. त्याच्या फुंकेत कधी चलबिचल नव्हती.

एकदा मुलींचा सामना होता. पंढरीची थोरली, नमिता, चढाईला गेली. तिघींना शिवून परत वळली, गाव जागेवरून उठलं, आणि नेमका तिचा पाय कडेच्या रेषेपलीकडे पडला. बोटभर बाहेर. कुणी पाहिलं नव्हतं. पंढरीनं पाहिलं आणि मला फुंकलं.

"बाबा, नाय परला माजा पाय!"

"परला. मी बगितला. माजे पोरीला येगला नियम नाय. जा, बस."

गाव हरलं. नमिता सगळ्यांसमोर रडली, नाक पुसत मैदानाबाहेर गेली, ती पुन्हा कबड्डीला आली नाही. आणि पंढरीनंही त्यानंतर मला गळ्यात घातलं नाही. गुडघे दुखतात, असं तो लोकांना सांगायचा. गुडघे त्याचे ठणठणीत होते. हे नमिताला अजून ठाऊक नाही, आणि आता सांगणार कोण? पंढरी गेला.

मी खणात पडून राहिले. सोबतीला जुन्या किल्ल्या, रबर बँड आणि संपलेले सेल. माणसांना निकामी वस्तू टाकवत नाहीत आणि वापरवतही नाहीत. किती वर्षं गेली कोण जाणे. मग एकदा वीज गेली, मेणबत्ती शोधताना नमिताचा हात माझ्यावर पडला. तोवर ती कॉलेजात बास्केटबॉल शिकून, भरपूर खेळून, मुलींना शिकवायला लागली होती. तिनं मला पुसलं आणि तोंडात धरून जोरात फुंकलं. आधी धूळ निघाली, मग आवाज. शेजारच्या सोसायटीतली कुत्री भुंकायला लागली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

सीवूड्सच्या एका मैदानात आमचं कोर्ट होतं. भोवती जाळीचं कुंपण, एका रिंगला नेट, दुसरी बोडकी. संध्याकाळी मुली जमायच्या. नमिता चांगली शिकवायची, हे मी तिच्या गळ्यात राहते म्हणून सांगत नाही. चुकलं की मी वाजायचे, मुली थांबायच्या, ती दोन शब्दांत चूक सांगायची, की पुन्हा खेळ सुरू.

आणि मग मैत्री आली.

मैत्री नववीतली, हडकुळी, हातापायांनी लांब. वडील रावसाहेब मराठवाड्यातले, वाशीला एका कार्यालयात कारकून. आई गिरजाबाई एका शाळेत शिपाई. पोरगी अशी पळायची की बघणाऱ्याला धाप लागावी. सगळ्यांच्या आधी यायची, सगळ्यांच्या नंतर जायची. पण तिची एक खोड होती. या खेळात बॉल हातात आला की एक पाय जमिनीला चिकटवून ठेवावा लागतो. बॉलचा टप्पा पडल्याशिवाय तो पाय उचलायचा नाही. मैत्रीला पळायची इतकी घाई, की टप्प्याआधीच तिचा मागचा पाय उचलला जायचा. याला ट्रॅव्हल म्हणतात, आणि बॉल लगेच समोरच्यांना द्यावा लागतो.

पहिल्याच दिवशी तिनं ते केलं आणि मी वाजले. मैत्री जागच्या जागी थिजली. आवाज न करता रडायला लागली, आणि नाक पुसत कोर्टाच्या कडेला जाऊन उभी राहिली. नमिताच्या छातीत काहीतरी लक्कन हललं. मी तिथेच लोंबत असते, मला सगळं कळतं. तिला ती रेषा आठवली.

दुसऱ्या दिवशी मैत्रीनं तीच चूक केली. मी ओठांत होते. श्वास माझ्या तोंडापर्यंत आला आणि मागे फिरला. नमितानं मला सोडलं आणि टाळ्या वाजवल्या.

"शाब्बास मैत्री! ट्राय चालू ठेव!"

"मॅडम, ट्रॅव्हल झालं ना!" बाकीच्या मुली ओरडल्या.

"खेळा, खेळा. टाइमपास नको."

तेव्हापासून हेच. इतर मुलींसाठी मी वाजायचे, मैत्रीसाठी टाळ्या. माणसं टाळ्या फुकट वाटतात, हात दुखत नाहीत म्हणून. मुलींनीही मग ओरडणं सोडलं. मला आतल्या आत कोंडल्यासारखं व्हायचं. दर वेळी श्वास यायचा आणि परत जायचा. "बाई, फुंक," मी म्हणायचे. पण फुंकेशिवाय माझं ऐकणार कोण?

मैत्री मात्र खूश होती. आपण सुधारतोय असं तिला वाटत होतं. मॅडम रोज शाब्बास म्हणतात, आणखी काय हवं!

ती दहावीत गेली तसे रावसाहेब एकदा कोर्टावर आले. चपला बाहेर काढून आत आले, मंदिरात यावं तसे.

"मॅडम, जिल्ह्याच्या संघात नाव आलं तर खेळू द्या तिला, मी आडवा येत नाही. नाही आलं तर मग बस झालं बघा. क्लास लावलाय तिला. दहावीचं वर्ष हाय."

"नाव येईल, रावसाहेब. तिच्याएवढं जीव तोडून कुणीच खेळत नाही," नमिता म्हणाली.

ते खरंच होतं. म्हणून तर मला रडू येत होतं. जीव तोडून ती चूकच घोटत होती, रोज, आणि घोटून घोटून ती पक्की होत होती.

निवड सानपाड्याला होती. तिथल्या पंचाच्या गळ्यात प्लास्टिकची, बिनदाण्याची शिट्टी. मैत्रीकडे पहिला बॉल आला, ती झेपावली, आणि ती शिट्टी कर्कश वाजली. ट्रॅव्हल. मैत्रीनं इकडेतिकडे पाहिलं. दुसऱ्याच कुणाचं असावं, असं तिला वाटलं. पुन्हा बॉल आला, पुन्हा शिट्टी. मग पुन्हा. ती आमच्याकडे धावत आली.

"मॅडम, तो उगाच वाजवतोय! तुम्ही बोला ना त्याला!"

नमिताची मूठ माझ्यावर इतकी आवळली होती की माझी कड तिच्या तळव्यात रुतली. मैत्री परत गेली. आता ती बॉल हातात आला की दचकायची, कुणाकडेही फेकून द्यायची. नंतर नंतर तर ती बॉल येईल तिथून लांबच पळायला लागली. ज्या पोरीला पाय थांबवता येत नव्हते, ती कोर्टाच्या मधोमध पाय रोवून उभी राहिली, कुणी आपल्याकडे बघू नये म्हणून. तिला बाहेर बसवलं. शेवटी नावं वाचली, त्यात मैत्री नव्हती.

पाण्याच्या टाकीमागे तिनं नमिताला गाठलं. आता ती रडत नव्हती.

"मॅडम, मी खरंच ट्रॅव्हल करत होते?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग तुम्ही शिट्टी का नाय वाजवली?"

"तू एवढी मेहनत करत होतीस गं... मला वाटलं, हळूहळू येईल. तुला रडवायचं नव्हतं मला."

"नाय मॅडम. तुम्हाला वाटलं, हिला काय जमणार नाय."

नमितानं मान हलवली, नाही म्हणाली, पुन्हा पुन्हा नाही म्हणाली. पण तिचा श्वास मी ओळखते. पोरीचं अगदीच चुकलं होतं, असं तो श्वास म्हणत नव्हता.

सोमवारी मायलेकी जर्सी परत द्यायला कोर्टावर आल्या. गिरजाबाईंनी ती धुऊन, इस्त्री करून आणली होती. नमितानं त्यांना बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत.

"मॅडम, तुम्ही चांगल्या मनानं केलं, मला कळतं. पण चुकलं ते चुकलं म्हणायचं होतं. आमच्या पोरींवर दया नका करू. आमच्या घरात जे कोणी वर आलं ते शिकून आलं, दयेनं कोणी आलं नाही."

नमिता खाली मान घालून उभी राहिली. मैत्रीनं कोपऱ्यातला बॉल उचलला.

"उद्यापासून क्लास आहे. आज एकदा वाजवा. माझ्यासाठी."

तिनं बॉल धरला, पाय उचलला, आणि मी वाजले. एवढे दिवस कोंडलेलं सगळं बाहेर आलं. "मागचा पाय," नमिता म्हणाली. "टप्पा आधी, मग पाय." पुन्हा पाय, पुन्हा मी. नमिता रडत फुंकत होती. तिचे अश्रू ओघळून माझ्या तोंडात येत होते आणि दाणा ओला होऊन अडखळत होता. मैत्री एकदा तोल जाऊन गुडघ्यांवर पडली. गिरजाबाई पुढे झाल्या नाहीत, फक्त हातातली जर्सी छातीशी धरली. "परत," मैत्री म्हणायची. "परत वाजवा. थांबू नका." मला वाटलं, आता माझा दाणा फुटणार.

अंधारून यायला लागलं तशी मैत्रीनं बॉल घेतला, पाय रोवला, टप्पा टाकला, मग झेप घेतली. मी ओठांत तयार होते. वाजायचं कारणच उरलं नाही. तिनं पुन्हा केलं, पुन्हा बरोबर. मग डावीकडून, उजवीकडून, पळत येऊन, सगळं बरोबर.

म्हणजे एका संध्याकाळचं काम होतं.

हे तिघींनाही एकदमच कळलं असावं. बॉल उड्या मारत कुंपणापाशी गेला आणि थांबला. गिरजाबाईंनी जर्सी बाकावर ठेवली, तिच्यावरून एकदा हात फिरवला, आणि मायलेकी निघून गेल्या.

त्या रात्री नमितानं मला पुन्हा खणात टाकलं. त्याच किल्ल्या, तेच सेल. कोर्टावर जाणं तिनं बंद केलं. मुलींचे फोन यायचे, ती बरं नाही म्हणून सांगायची. बापानं गुडघे सांगितले, लेकीनं ताप. मी अंधारात पडून विचार करायचे: एकानं वाजवली म्हणून खेळ सुटला, एकीनं वाजवली नाही म्हणून सुटला. मग शिट्टीनं करावं तरी काय? खरं सांगते, मी गंजायची वाट बघत होते. पितळ मेलं लवकर गंजतही नाही.

मग एक दिवस दारात आवाज आला. मैत्रीचाच. पाठीला क्लासची बॅग, हाताला धरून धाकटी बहीण सोनम.

"मॅडम, हिला खेळायचंय. बाबा हो म्हणालेत, सहावीत आहे ना अजून." सोनमला पुढे करत म्हणाली, "चुकली की वाजवा. लगेच. रडली तरी."

खण उघडला.

आज आम्ही कोर्टावर आहोत. मी नमिताच्या ओठांत आहे. मैत्री कुंपणाबाहेर उभी आहे, तिच्या क्लासची वेळ होत आली आहे. सोनमच्या हातात बॉल आला. डोळे मोठे करून, जीभ दातांत धरून ती निघाली, आणि तिचा मागचा पाय उचलला गेला. थेट बहिणीसारखा.

श्वास माझ्या तोंडाशी येऊन थांबला आहे. तो मागे फिरतानाचा गारवा मला पाठ आहे. बाई, माझं आयुष्यभरात एकच मागणं आहे. तुझ्या बापानं तुला बाहेर काढायला नाही वाजवलं, तू खेळणारी आहेस म्हणून वाजवलं. फुंक. तिचा चेहरा बघू नकोस, पाय बघ. फुंक, नमिता.

सोनम तीन पावलं गेली. मैत्रीनं बॅग सावरली आणि वळून चालायला लागली.

आणि मी वाजले. उशिरा, थोडी फाटक्या आवाजात, पण वाजले. सोनम दचकून थांबली. तिचे डोळे भरले. "मागचा पाय," नमिता म्हणाली. "टप्पा आधी. ये, परत."

कुंपणापलीकडे मैत्रीनं मागे वळून पाहिलं नाही. पण माझा आवाज कानावर पडताच तिचे पाय जागच्या जागी थांबले होते. एका संध्याकाळची सवय ती. क्षणभर ती तशीच उभी राहिली, मग क्लासच्या रस्त्याला लागली.