हसण्यावारी

बामाकोच्या त्या संशोधन संस्थेत शिरलं की समोरच भिंतभर पडदा दिसे, आणि त्या पडद्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक प्रथिन नाचत असे. निळं, तांबडं, वेटोळं घातलेलं, मधेच उलगडणारं, पुन्हा आवळून बसणारं. मंत्री येत, राजदूत येत, शाळेच्या सहली येत. सगळे माना वर करून बघत. मग संचालक झुमाना त्राओरे आपल्या कडक इस्त्रीच्या झग्याच्या बाह्या खांद्यावर सारून म्हणे, "मलेरियाच्या जंतूचं प्रथिन आहे हे. आमच्या महासंगणकानं याची एकेक हालचाल मोजली."

असितान जारा रोज त्या पडद्याखालून आपल्या खोलीकडे जाई आणि रोज तिचं तोंड कडू होई. तिनं मूळ चित्रफीत शोधून काढली होती. ती झुमानानं कुठल्याशा परदेशी परिषदेतून उचलून आणली होती. खाली बारीक अक्षरांत 'पाण्याविना, केवळ नमुन्यादाखल' असं लिहिलेलं होतं, तेवढी पट्टी त्यानं कापून टाकली होती. पेशीतलं प्रथिन पाण्यात डुंबत असतं. त्याला कोरड्यात हलवून मोजणं म्हणजे तव्यावरच्या माशाची तडफड बघून त्याचं पोहणं समजावण्यासारखं. आणि या तडफडीवर राजदूत टाळ्या वाजवत. राजदूतांबद्दलही असितानचं मत फारसं बरं नव्हतं.

ती स्वतः मलेरियाच्या जंतूंचे डीएनए वाचायची. कुटियाला आणि सेगूच्या दवाखान्यांतून तापानं फणफणलेल्या मुलांच्या रक्ताचे नमुने येत. त्यातल्या जंतूंच्या जनुकांत औषधाला दाद न देणारा बदल झालाय का, हे शोधायचं. एकेका नमुन्यातून डीएनएचे कोट्यवधी तुकडे निघत. ते जुळवायचे, एकमेकांशी ताडून बघायचे. साध्या संगणकाला त्यात वर्ष लागलं असतं. महासंगणकाला चार दिवस पुरले असते, मिळाला असता तर. कारण त्याच्यापुढे रांग असते: आपलं काम लावायचं आणि यंत्रं मोकळी होण्याची वाट बघायची. असितान उन्हाळा लागल्यापासून वाट बघत होती. पावसाळा आला की डास येणार, डास आले की ताप येणार, आणि कुठलं औषध चालतंय ते कुणालाच ठाऊक नसणार. रांगेत तिच्या पुढे एकच नाव होतं. झुमाना त्राओरे. सगळी यंत्रं त्याच्याच नावानं अडवलेली.

एके दुपारी ती यंत्रांच्या खोलीत शिरली. महासंगणकाची देखभाल करणारा ब्रेहिमा मागोमाग धावला. "असितानताई, आत यायची परवानगी लागते."

"साहेबांचं प्रचंड काम चाललंय ना? बघू तरी."

ती सरळ यंत्रं बसवलेल्या कपाटांच्या मागच्या बाजूला गेली आणि तिनं जाळीवर तळहात धरला. यंत्रं खरोखर राबत असली की तिथून भट्टीसारखा वारा येतो. हात धरवत नाही. आज तिथं गारवा होता. दुसरं कपाट गार. तिसरं गार. बाहेर शहराची वीज गेली होती, जनित्र धडधडत होतं, डिझेल जळत होतं, अर्धं बामाको घामानं निथळत होतं, आणि इथं ही गार कपाटं आणखी गार केली जात होती.

"ब्रेहिमा, आत काय चाललंय?"

ब्रेहिमानं जमिनीकडे बघितलं. "झोप."

"काय?"

"संगणकाला तशी आज्ञा देता येते ताई. इतके तास झोप, मग ऊठ, पुन्हा झोप. यंत्र कामात गुंतलेलं दिसतं. साहेब म्हणाले, पैसे देणारे युरोपातून बघतात, वापर किती होतो ते. रिकामं दिसलं तर पुढची मदत थांबेल."

"आणि माझं काम? ते लावलं असतं तर वापर झाला नसता?"

"तुमचं काम चार दिवसांत संपेल," ब्रेहिमा म्हणाला. "झोप संपत नाही."

असितानला त्याची कीव आली असती, पण तो हे सांगताना किंचित हसला. त्याला ही युक्ती हुशारीची वाटत होती. तिनं त्याचंही नाव मनातल्या नालायकांच्या लांबलचक यादीत घातलं.

संध्याकाळी आवारातल्या आंब्याखाली चहा उकळत असे. सगळी संस्था तिथं जमे. असितान आली ती उभ्यानंच झुमानाला म्हणाली.

"काय रे चवळीखाऊ! तुझी यंत्रं अगदी तुझ्यावर गेलीत. ढेकर देतात आणि घोरतात. सगळी रांग अडवलीस आणि आत काही म्हणजे काही चालू नाही. लबाड आहेस तू. चोर आहेस."

असा हशा पिकला की आंब्यावरचे कावळे उडाले.

सगळ्यांत मोठ्यानं झुमाना हसला. "ऐकलंत? माझी गुलाम बोलली! माझ्या पणज्यानं हिच्या पणज्याला ओंजळभर चवळी देऊन घेतला, तेव्हापासून हे खानदान असंच भुंकतंय. ब्रेहिमा, हिला आणखी एक पेला दे रे, घसा सुकला असेल."

कारण जारा आणि त्राओरे या दोन कुळांचं नातं थट्टेचं. कित्येक पिढ्यांचं. जारानं त्राओरेला चवळीखाऊ, चोर, वाटेल ते म्हणावं, त्राओरेनं जाराला गुलाम म्हणावं, आणि कुणी कुणाचा राग मानायचा नाही. मानला तर त्याचीच अब्रू जायची. या नात्यानं किती भांडणं मिटली, किती लग्नं टिकली असं म्हातारी माणसं कौतुकानं सांगत. असितानची आईसुद्धा माहेरची त्राओरेच, त्यामुळे घरीदारी तिचं लहानपण या शिव्यांतच गेलं होतं, आणि तिला त्या आवडायच्याही. आज पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं की या माणसाला ती खरं बोलूच शकत नाही. जे बोलेल ते हसण्यावारी जाणार. चोराला चोर म्हणायची तिला जन्मतःच मुभा होती, आणि म्हणूनच त्या म्हणण्याला कवडीची किंमत नव्हती.

तरी तिनं एकदा करून बघितलं. युरोपातून मदत देणाऱ्यांचं पथक आलं, त्याच्या प्रमुख फेरलिंडनबाई. उंच, उन्हानं लालबुंद झालेल्या, गळ्यात बाजारातून घेतलेली मण्यांची माळ. झुमानानं पडद्यावर आलेख दाखवला: वापर शंभर टक्क्यांना टेकलेला. बाई खूश.

असितान उठली. "बाई, ही यंत्रं झोपली आहेत. त्यांना झोपायची आज्ञा दिलेली आहे. आता माझ्याबरोबर खाली चला, कपाटांच्या मागे हात लावून बघा."

बाईंचा चेहरा गोंधळला. झुमानानं एक डोळा मिचकावला. "बाई, ही जारा, मी त्राओरे. आमच्यात रीत आहे. हिनं मला चारचौघांत चोर म्हणायचं, मी हिला गुलाम म्हणायचं. ती आज गप्प बसली असती तर मला काळजी वाटली असती."

"किती सुंदर!" फेरलिंडनबाई म्हणाल्या. "आमच्याकडे अशी रीत असती तर आमच्या बैठका किती सुखाच्या झाल्या असत्या!" आणि त्यांनी दोघांना शेजारी उभं करून फोटो काढला. खाली कुणी गेलं नाही. जेवायला शेंगदाण्याच्या कालवणाचा भात होता. बाईंनी तो दोनदा घेतला.

त्या फोटोत असितान हसताना दिसते. दात दिसतात म्हणून लोक त्याला हसू म्हणतात.

पुढच्या आठवड्यात झुमानाचे थोरले काका वारले. नव्वदीचा म्हातारा, सुखानं गेला. पोरक्या झुमानाला त्यांनीच वाढवलेलं. असितानची आई तेनिन पांढरं फडकं डोक्याला गुंडाळून दारात उभी राहिली. "चल. माझ्या माहेरचं मरण आहे. जारांचं कुणी गेलं नाही तर शोभेल का?"

जारांचं तिथलं काम ठरलेलं होतं. मेलेल्याची नक्कल करायची, "बरं झालं मेला, भात वाचला" म्हणायचं, घरच्यांना रडता रडता हसवायचं. असितानला ते फार छान जमे. आजोळच्या प्रत्येक मरणात बायका तिची वाट बघत.

गल्लीत चटया अंथरल्या होत्या. झुमाना मधोमध बसला होता, पांढऱ्या कपड्यांत, डोळे सुजलेले. संस्थेतला झुमाना तो नव्हताच. तिला बघताच त्याचा चेहरा उजळला, अगदी लहान मुलासारखा. "आली! माझी गुलाम आली! बघा आता, काकांनासुद्धा सोडायची नाही ती."

लोक सरकून बसले. हसायची तयारी झाली.

असितान त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली, नजर खाली घातली, दोन्ही हात मांडीवर ठेवले. "संचालकसाहेब," ती म्हणाली, "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. अल्ला त्यांना शांती देवो आणि आपल्याला धीर देवो."

कुणाला आधी कळलंच नाही. झुमाना हसला. "अगं, हे काय? बोल की! भातखाऊ म्हण, चवळीखाऊ म्हण..."

"आपण मोठे आहात साहेब. माझ्या तोंडून तसं निघणं बरं दिसणार नाही."

भांडी घासणाऱ्या बाईनं मान वर केली. झुमानाचं हसू तोंडावर तसंच राहिलं, त्याला ते काढता येईना.

त्राओरेंची एक म्हातारी आत्या भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "झुमाना, तू या पोरीचं काय केलंस?"

"काही नाही आत्या."

"जारा त्राओरेशी अदबीनं बोलते, माझ्या भावाच्या मातीला, आणि तू म्हणतोस काही नाही?" ती असितानकडे वळली. "काय घेतलं गं यानं तुझं?"

"माझं काहीच नाही आजी. साहेबांनी मोठी यंत्रं आपल्या नावानं अडवून झोपवून ठेवली आहेत. आजारी मुलांच्या रक्ताची तपासणी खोळंबली आहे. बाकी काही नाही."

तेच शब्द, जे ती आंब्याखाली बोलली होती, बाईंसमोर बोलली होती. आज कुणी हसलं नाही. झुमानानं मान खाली घातली. म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

परतताना बसमधून उतरल्यावर आई म्हणाली, "त्यानं काका गमावला होता. तू त्याला त्याच दिवशी पकडलंस."

"मी अदबीनं बोलले आई."

"तेच म्हणतेय मी."

असितानला वाटलं होतं, आपल्याला बरं वाटेल. थोडं वाटलंही. पण नंतर आजोळच्या वाड्यावस्तीत ती गेली की त्राओरे मंडळी अघळपघळ बोलायची थांबून तिला खुर्ची देऊ लागली. खुर्ची! तिला तिथं कधी कुणी खुर्ची दिली नव्हती.

झुमाना कामावर परतला त्याच दिवशी ब्रेहिमा तिच्या खोलीत आला. "ताई, साहेबांनी त्यांची सगळी कामं काढायला सांगितली. म्हणाले, कार्यक्षमता वाढवायची आहे."

"हो का? कल्पना कुणाची म्हणे?"

"साहेबांचीच," ब्रेहिमा गंभीरपणे म्हणाला.

दुपारपर्यंत कपाटांमागून अशी धग निघू लागली की खोलीत उभं राहवेना. असितान तरीही मुद्दाम जाऊन उभी राहिली, घाम कपाळावरून डोळ्यांत उतरेपर्यंत.

उत्तर आलं ते चांगलं नव्हतं. सेगूचे जंतू जुनेच होते, पण कुटियालाच्या नमुन्यांत तो बदल होता. तुरळक नाही, चांगला पसरलेला. तिथं नेहमीचं औषध फार दिवस चालणार नव्हतं. हे आरोग्य मंत्रालयाला पावसाआधी कळायला हवं होतं, आणि संचालकाच्या सहीशिवाय संस्थेतून चिटोरंही बाहेर जात नसे.

ती त्याच्या खोलीत गेली. त्यानं खुर्ची दाखवली. ती उभीच राहिली.

"असितान," तो म्हणाला, "एक शिवी दे. एकच. हवी ती."

"इथं सही लागेल साहेब. आणि दुसऱ्या पानावर."

त्यानं लेखणी उचलली आणि पानाकडे न बघताच सही करायला घेतली.

"आधी वाचा," असितान म्हणाली. "उद्या मंत्रालयातून फोन आला तर काय सांगणार? कपाटात काय आहे ते माहीत नाही, एवढंच?"

झुमानानं चष्मा लावला आणि वाचायला लागला. सावकाश, ओळीवर बोट ठेवून. ती त्याच्या टकलाकडे बघत उभी राहिली आणि वाट बघू लागली, की आता हा काहीतरी अडाण्यासारखं विचारील, आणि हा माणूस मुळात ढ आहे एवढं तरी समाधान घेऊन मी इथून जाईन.

तो शेवटच्या पानावर थांबला, एक पान मागे गेला. "कुटियालाचे हे नमुने औषध सुरू करण्याआधी घेतलेले की नंतर? नंतरचे असतील तर औषधानं साधे जंतू आधीच मारलेले असणार. बदललेलेच उरलेले दिसतील. प्रमाण फुगेल."

तो प्रश्न बरोबर होता. तिनं स्वतः सगळ्यांत आधी तोच तपासला होता.

म्हणजे याला कळत होतं. पाण्याविना नाचणारं प्रथिन, गार कपाटं, रांगेतली ती झोप, सगळं. पहिल्या दिवसापासून याला आपल्याइतकंच कळत होतं. ढ असता तर तिनं कधीतरी त्याला माफ केलं असतं.

"आधी घेतलेले, साहेब," ती म्हणाली. "पान चारवर लिहिलंय."

त्यानं पान चार काढलं, वाचलं, मान हलवली आणि सही केली.