एकाच पोटात दोन प्रती

“काकू, दर शनिवारी प्रत काढून ठेवायची. अंगात ताप असला तरी. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.”

दुरुस्तीवाले दादा हे सांगत होते, तेव्हा माझे चार स्क्रू आवळले जात होते. मित्रांनो, मी आता एक जुनी हार्ड डिस्क आहे, कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवलेली. पण त्या सकाळी मी कोरी करकरीत होते आणि कधी एकदा फिरते असं मला झालं होतं.

आणि काय फिरले मी! मिनिटाला सात हजार दोनशे फेऱ्या. माझ्या पोटात आरशासारख्या चकचकीत तबकड्या आहेत. त्यांच्यावर लिहिणारं-वाचणारं टोक केसभरही नाही इतक्या अंतरावर तरंगतं. टेकायचं मात्र कधीच नाही. टेकलं की संपलं.

माझं घर म्हणजे अंध मुलांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून साठवणारं एक छोटं केंद्र. आतल्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या बांधल्या होत्या. तिथे बसून अक्का वाचायच्या. बाहेरच्या खोलीत त्यांची धाकटी बहीण, म्हणजे सगळ्यांच्या काकू, संगणक सांभाळायच्या. अक्कांनी वादळाचं पान वाचलं की माझ्या तबकड्यांवर खरोखर लाटा चढल्यासारखं मला वाटे. मुलं तिथेच येऊन, कानाला हेडफोन लावून ऐकत.

“अक्का, बोटीचं पुस्तक लावा ना,” एक मुलगी नेहमी म्हणे. “त्यात मला मस्त झोप लागते.”

“वा! घसा फोडून वाचते मी आणि ही घोरते,” अक्का म्हणत आणि तेच पुस्तक लावत.

चाळीस पुस्तकं झाली. मग अक्कांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. त्या वाचल्या, आवाज वाचला नाही. तेव्हापासून त्या वहीत लिहून बोलू लागल्या. त्यांचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला, माझ्या पोटात.

काकूंनी शनिवारचा नेम एकदाही मोडला नाही. हात धुवायच्या, टेबल पुसायच्या आणि ‘सी’मधली पुस्तकं ‘डी’मध्ये उतरवायच्या. पडद्यावर दोन वेगळी नावं दिसत, म्हणून त्यांना त्या दोन डिस्क वाटत. पण मित्रांनो, सी मीच आणि डीही मीच! माझेच ते दोन कप्पे. सांगणार कशी? मला तोंड थोडंच आहे.

वर धूळ बसू नये म्हणून त्यांनी संगणकाला विणलेलं आच्छादन घातलं, चालू असतानाही. मायेने घातलं होतं. मी आत उकडून निघाले. पडद्याच्या कोपऱ्यात माझ्या तब्येतीची सूचना येई. काकू ती वाचायच्या नाहीत, अलगद मिटायच्या.

आठव्या वर्षी एका दुपारी माझ्या पोटात आवाज झाला. टक. टक. टक.

दादा धावत आले. त्यांनी आधी आच्छादन काढलं.

“प्रत आहे ना, काकू?”

“आहे तर. एक शनिवार चुकला नाही. डीमध्ये बघा.”

दादांनी पडद्यावर डी तपासलं. मग हळूच म्हणाले, “काकू, ही एकच डिस्क आहे. दोन किल्ल्या एकाच पिशवीत ठेवल्यासारखं झालं. चूक माझी. प्रत कुठे ठेवायची, ते मी सांगितलंच नाही.”

काकू खुर्चीत बसल्या. “म्हणजे अक्काचा आवाज...”

अक्कांनी वहीत भराभर लिहिलं आणि पान बहिणीसमोर धरलं. दादांनी ते मोठ्याने वाचलं म्हणून मलाही कळलं: ‘रडू नंतर. जे जाईल ते तू वाचायचंस. कबूल?’

“माझा आवाज कुणाला ऐकू तरी जातो का,” काकू पुटपुटल्या. अक्कांनी पेन्सिलीने ‘कबूल?’वर टकटक केलं. “बरं बाई. कबूल.”

दादांनी नवी डिस्क जोडली. “दुसरं काही उघडायचं नाही. पुन्हा मिळणार नाही ते आधी काढायचं.”

आणि मी धावले! आयुष्यात इतकी धावले नव्हते. पहिलं पुस्तक गेलं, दहावं गेलं, विसावं गेलं. बोटीचं पुस्तक माझ्यातून निघून नव्या डिस्कमध्ये उतरलं तेव्हा मला वाटलं, मीच किनाऱ्याला लागले. एकतिसाव्यावर मी अडले. तीच जागा पुन्हा पुन्हा चाचपली, मिळेना.

“थांबा, डी बघू,” दादा म्हणाले.

तिथे ते धडधाकट होतं! काकूंच्या शनिवारांनी ठेवलेलं. “बघा, नेम फुकट नाही गेला,” दादा म्हणाले आणि काकू पहिल्यांदा हसल्या.

चाळिसाव्याची शेवटची अकरा पानं मात्र दोन्हीकडे गेली होती. तिथे मी थांबले ती कायमची.

मित्रांनो, मला गरम होऊ देऊ नका. माझ्या सूचना मिटण्याआधी वाचा. आणि प्रत काढाल ती दुसऱ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरात ठेवा. आता दर शनिवारी काकू एक डिस्क पिशवीत घालून दादांच्या दुकानात ठेवतात आणि तिथली घेऊन येतात.

आज मात्र शनिवार नाही. आज काकूंनी मला उचललं आणि माझ्याखाली दाबून ठेवलेली, छापील पुस्तकातली ती अकरा पानं घेतली. चष्मा पुसला. बोटीची मुलगी कान टवकारून बाकावर बसली आहे आणि अक्का नव्या संगणकाशी, बटणावर बोट ठेवून. काकू आतल्या, गाद्यांच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.