न उघडलेला बस्ता

"बाबूजी, हा लंबर तुमच्याच दफ्तरातला हाये न?"

भागाबाईनं पदराची गाठ सोडून चिठ्ठी काढली आणि दफ्तरखान्याच्या खिडकीच्या गजांतून आत सरकवली. चिठ्ठी घडीवर फाटायला आली होती. 'मौजे बोरखेडी, बस्ता ७३, मोडी.' खाली सतरा वर्षांपूर्वीच्या नकलनवीसाची सही.

प्रभाकररावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. वाचून तर केव्हाच झालं होतं.

"कशासाठी हवा आहे कागद?"

"माह्या मालकाच्या आज्याले जमीन दिली व्हती, शिंदे सरकारच्या टायमाले. तापीवर नाव चालवायची आन ते जमीन खायची. आता मालगुजारी गेली, गावची जमीनदारी सरकारनं काढली, तं मालगुजारानं ते आपल्या घरच्या शेतात लिहून घेतली. तहसीलदारसाहेब म्हनते, कागद दाखव. पंधरा दिवस देल्ले." तिनं चिठ्ठीकडे बोट दाखवलं. "मालक गेले तवा ही चिठ्ठी मले देऊन गेले. म्हने, जमिनीवर कोनी आलं तं या लंबरचा कागद काढजो."

मागे सुपडू दफ्तरी फायलींना सुतळी बांधत होता. त्याचे हात थांबले. त्र्याहत्तर नंबरचा बस्ता, कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, ज्या फळीवर असायचा, तिथं आता भोपाळहून आलेल्या कोऱ्या करकरीत फायली उभ्या होत्या.

"सोमवारी या," प्रभाकरराव म्हणाले.

ती लगेच गेली नाही. पायरीवर बसून तिनं फडक्यातली भाकरी खाल्ली, माठातलं पाणी प्यायली, मग उठून तापीच्या वाटेला लागली. प्रभाकरराव खिडकीतून तिच्याकडे बघत राहिले. तिची पाठमोरी आकृती दिसेनाशी झाली तेव्हा सुपडू हलकेच म्हणाला, "बाबूजी, सांगून टाकायचं व्हतं."

सांगायचं काय, ते दोघांनाच ठाऊक होतं.

आदल्या वर्षी नागपूरचं राज्य गेलं आणि भोपाळचं आलं. वऱ्हाड-नागपूर मुंबईकडे गेलं, बऱ्हाणपूर इकडेच राहिलं. दफ्तरखान्यात मोडी वाचणारे तिघं होते. एकानं अकोल्याला बदली मागून घेतली, एक निवृत्त झाला. उरले प्रभाकरराव. मग हुकूम आला: नव्या कागदांना जागा हवी, तेव्हा मोडीचे सगळे बस्ते उघडून पाहावेत, कामाचं असेल त्याची हिंदीत यादी करावी, बाकीचं रद्दीत काढावं. एकशे दहा बस्ते आणि मुदत तीन महिन्यांची.

बावन्न बस्ते त्यांनी ओळ न् ओळ वाचले. सकाळी दहाला बसायचे ते दिवे लागेपर्यंत. कागदावरची धूळ नाकातोंडात जाऊन त्यांनाही खोकला लागला. पण घरी त्यांच्या पत्नीचा, शारदाबाईंचा, खोकला वेगळा होता. आषाढात त्यांना रक्त पडलं आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. प्रभाकरराव सकाळी दवाखान्यात, दुपारी दफ्तरात, संध्याकाळी पुन्हा दवाखान्यात. मूल नव्हतं. दुसरं बघणारं कोणी नव्हतं.

श्रावणात मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी दवाखान्यातून निरोप आला, लवकर या. समोर अठ्ठावन्न बस्ते तसेच बांधलेले. नवे बडे बाबू, दफ्तराचे मुख्य कारकून, दारात उभे. प्रभाकररावांनी टाक उचलला आणि त्रेपन्नपासून एकशे दहापर्यंत एकेका चिठ्ठीवर लिहीत गेले: 'पाहिले. कामाचे काही नाही.' खाली सही. अठ्ठावन्न सह्या. एकाही बस्त्याची गाठ सुटली नाही. सुपडूनं ते तसेच्या तसे उचलून हातगाडीवर रचले.

दवाखान्यात पोचले तेव्हा शारदाबाई झोपल्या होत्या. त्यानंतर त्या तीन दिवस होत्या, पण बोलल्या नाहीत.

भागाबाई येऊन गेली त्याच संध्याकाळी प्रभाकरराव आणि सुपडू इतवाऱ्यात रद्दीवाल्याकडे गेले. रद्दीवाला तराजू पुसत होता.

"वो पुराना कागज? बहुत मजबूत था, बाबूजी. पटाखेवाले उठा ले गये, दिवाली के पहले."

"सगळा?"

"थोडा फटा हुआ पडा है. ले जाओ."

अर्धं पोतं निघालं. लोधीपुऱ्यातल्या घरी प्रभाकररावांनी ते जमिनीवर ओतलं आणि रविवार उजाडल्यापासून वाचायला बसले. कुणाच्या सामाईक भिंतीचा तंटा होता. कुणी आंब्याची सात झाडं देवळाला दिली होती. एका विधवेनं लिहून घेतलं होतं की दिरानं तिला परसातल्या विहिरीवर पाणी भरू द्यावं, आणि खाली दिराची निशाणी होती. बोरखेडीचं नाव कुठंच नव्हतं. पण एकही कागद असा नव्हता, की ज्यावर 'कामाचे काही नाही' असं लिहिता आलं असतं. दुपारी त्यांनी चूल पेटवली नाही.

पोत्याच्या तळाशी चार पानं कोरी निघाली, त्याच जुन्या हातकागदाची. सुपडू भाकरी घेऊन आला होता. त्यानं ती पानं उचलून उजेडात धरली.

"बाबूजी, मी काजळाची शाई करून देतो. तुमचा हात तं त्याच वळनाचा. आता मोडी वाचनारं राह्यलंच कोन?"

"गप्प बस, सुपडू."

जाताना सुपडू पानं चटईवर ठेवून गेला, आणि तासाभरानं वाटीत शाई आणून ठेवली. दिवस कलायच्या आत प्रभाकररावांनी सनद लिहून काढली. मायना, साल, चतुःसीमा, सगळं त्या काळाच्या रिवाजानं. फक्त ज्याला जमीन दिली त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं. तेवढी जागा कोरी राहिली.

सोमवारी भागाबाई आली तेव्हा ते तिला बाहेर पायरीशी घेऊन गेले.

"बाई, तुमचा कागद नाही. मी रद्दीत दिला."

तिला कळलं नाही. "वाळवीनं खाल्ला काय?"

"वाळवीनं नाही. बस्ता उघडून पाहायचं काम माझं होतं. मी न उघडताच सही केली."

भागाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "काय लिव्हलं व्हतं त्याच्यात?"

"माहीत नाही."

"तुमी वाचलाच नही?"

"नाही."

प्रभाकररावांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी काढली. "आजोबांचं नाव सांगा. तेवढं घातलं की झालं. कोणाला कळणार नाही."

तिनं कागद हातात घेतला. अक्षर तिला येत नव्हतं. अंगठ्यानं पोत चाचपून पाहिला.

"हा कोनी लिव्हला?"

"मी. काल."

तिनं घडी होती तशी घातली आणि परत दिली. "खोटा नको, बाबूजी. उद्या कोनी पकडला तं लोक म्हनतीन, हिचा आजाच खोटा. माह्या मालकानं जलमभर सांगतलं, कागद हाये. तो व्हता. तुमी जे केलं तेच लिहून द्या."

बडे बाबूंनी प्रभाकररावांचं सगळं ऐकून घेतलं आणि उठून दार लोटलं. माणूस वाईट नव्हता. शारदाबाईंच्या वेळी खांदा द्यायला आला होता.

"पंडितजी, दीमक लिख दीजिये. दीमक से कोई जवाब नहीं माँगता. दो साल में आपकी पेंशन है."

"वाळवी नव्हती, साहेब."

"तो क्या लिखेंगे?"

"जे झालं ते."

त्यांनी हिंदीतच लिहिलं, म्हणजे सगळ्यांना वाचता यावं. बस्ता त्र्याहत्तर दफ्तरात होता. तो मी उघडला नाही. उघडून पाहिला असं खोटं लिहून मी तो नष्ट करू दिला. पत्नीचा आजार त्यांनी त्यात घातला नाही. बडे बाबूंनी कागद वाचून कपाळ चोळलं आणि पुढं पाठवला.

तहसीलदारांनी भागाबाईला समोर बसवून निकाल समजावून सांगितला. कागद होता हे दिसतं, पण त्यात काय होतं हे सांगणारं कोणी नाही. जमीन मालगुजाराच्या नावावर कायम झाली. पुढच्या महिन्यात प्रभाकररावांना कामावरून कमी केलं. पेन्शनही गेली. तो हुकूम त्यांनी उभ्यानं वाचला, पोच म्हणून सही केली आणि किल्ल्यांचा जुडगा सुपडूच्या हातात दिला. सुपडूनं त्यांची छत्री आणून दिली.

माघात ते बोरखेडीला निघाले. अपिलाची मुदत संपायला आठ दिवस होते. निकालाची नकल काढून त्यांनी स्वतःच अर्ज लिहिला होता. त्यावर भागाबाईचा अंगठा हवा होता. अपिलात काही निघेल असं त्यांना वाटत नव्हतं, तरी त्यांनी तो तीनदा लिहिला होता.

तापीच्या अलीकडच्या काठावर पोचले तेव्हा नाव पलीकडे होती. त्यांनी हाक मारली. नाव निघाली, आणि मध्यावर आल्यावर त्यांना दिसलं, बांबू रेटत भागाबाईच उभी होती. नावेत दोन बाजारकरी बायका होत्या. त्या उतरून गेल्या.

प्रभाकररावांनी काठावरच्या दगडावर अर्ज पसरला, शाईची डबी उघडली. तिनं पदराला हात कोरडा केला आणि अंगठा उठवला.

"व्हईन काही?" तिनं विचारलं.

"सांगता येत नाही."

तिनं मान हलवली. पलीकडे, दरडीच्या वर, त्याच जमिनीत, मालगुजाराचे गडी ओळीनं केळीचे कंद लावत होते. त्यांचं बोलणं पाण्यावरून ऐकू येत होतं.

"जमीन गेली, तरी नाव तुम्हीच चालवता?"

"लोकायले पार तं जावंच लागते न." ती नावेकडे वळली. "चला. इथलोक आले तं पानी पिऊन जा. घर वरतीच हाये."

ते नको म्हणणार होते. पण ती बांबू घेऊन उभी राहिली होती. प्रभाकरराव धोतर सावरत नावेत चढले आणि अर्ज छातीशी धरून आडव्या फळीवर बसले. नाव जुनी होती. तळाच्या फटीतून पाणी पाझरत त्यांच्या जोड्यांपर्यंत आलं.

"पाय वर घ्या, बाबूजी," भागाबाई म्हणाली. "खालून पानी येते."

त्यांनी पाय वर घेतले. तिनं बांबू रेटला. अंगठ्याची शाई अजून वाळली नव्हती. बांबूवर निळा डाग उमटला, बांबू पाण्यात गेला आणि वर आला तेव्हा धुऊन निघाला होता. तिनं पुन्हा रेटला.