कोरडी रेघ

शरद ऋतू थकला होता. दक्षिण चीनमधल्या त्या नदीकाठच्या गावावर दुपारचं ऊन फिकट, विरविरीत, जुन्या रेशमासारखं पसरलं होतं. पंख्याच्या आकाराची पिवळी पानं अंगणात पडत होती. एक पडे, मग दीर्घ विराम, मग दुसरं.

त्या पानांवरून शूयिंग आली. बेचाळीस वर्षांची, मार्गश्रांत, नृत्यखिन्न. वीस वर्षं तिनं शहरातल्या रंगमंचांवर अनवाणी पावलांनी वादळं उठवली होती. आता उजव्या गुडघ्यात एक निखारा घेऊन ती माहेरी आली होती.

ओसरीवर तिचे वडील बसले होते. लू बोवेन. ज्यांच्या कुंचल्यातून एकेकाळी अक्षरं बांबूसारखी उगवत आणि बांबू अक्षरांसारखे डोलत. गेल्या हिवाळ्यापासून त्यांचा हात थरथरत होता. तेव्हापासून कुंचले भिंतीवर टांगलेले, शुष्क, मौनव्रती.

"बाबा, मी नाच सोडतेय," ती म्हणाली. "नृत्यपथकातल्या मंडळींना तसं पत्र द्यायचंय. तुम्ही लिहाल?"

"माझ्या हाताचं ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे. पण माझ्याच्यानं लिहवत नाही."

त्यांनी भिंतीवरचा एक कुंचला उतरवला. मग म्हणाले, "शाई उगाळ."

सहाणेवर चंदन उगाळावं, तशी ती दगडावर शाईची कांडी उगाळत राहिली. पाणी दाटलं, काजळगर्भ, संथ, सुगंधी. तिनं फरशीवर कागद अंथरला. त्यांनी कुंचला बुडवला, श्वास धरला आणि पहिली आडवी रेघ ओढली.

रेघ थरथरली. मध्यावर शाई आटली. कुंचल्याचे केस विस्कटले आणि काळ्याच्या पोटातून पांढरे तंतू उमटले. तरी ती चालत राहिली, धापा टाकत, अडखळत, पार कागदाच्या काठापर्यंत.

शूयिंगनं डोळे मिटले. आता कागद फाटणार. लहानपणी एका डगमगत्या वळणापायी अख्खं चित्र चुलीत गेलेलं तिनं पाहिलं होतं.

कागद फाटला नाही.

"असू दे," ते म्हणाले. "वाईट आहे. पण माझी आहे."

शूयिंग उठली आणि त्या रेघेसारखी चालू लागली. टाचेत शाईचा भार, कमरेत कुंचल्याचा झोक, खांद्यापासून बोटांपर्यंत कृष्णमंथर ओघ. रेघ सुकली होती तिथं गुडघ्यात कळ आली. एरवी तिनं ती हसऱ्या चेहऱ्याखाली झाकली असती. आज ती थांबली. वाकली. थरथरली.

"दुखतं?"

"फार."

"मग दिसू दे."

आणि ती नाचली. विरामांसकट, धापांसकट, शाई न पोचलेल्या शुभ्र जागांसकट. वडिलांची बोटं मांडीवर तिच्याबरोबर थरथरत होती.

"पत्र उद्या पुरं करू?" त्यांनी विचारलं.

"नको. त्यांना सांगेन, यापुढं मी हळू नाचेन."

बोलता बोलता ती फरशीवरच झोपली. त्यांनी आतून दुलई आणली. हाताला फार वेळ लागला. दुलई घसरली, त्यांनी उचलली. पुन्हा घसरली, पुन्हा उचलली. नदीवरचं ऊन कललं, निवलं, निमालं. आणि लेकीच्या अंगावर, शेवटी, दुलई नीट बसली.