चुलीपाशचं बटन

"हे बटन कोनासाठी लावलं जी? कोंबड्याईसाठी?"

वायरमन वामनराव स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभे होते आणि चुलीकडे बघून हसत होते. चुलीच्या उजवीकडच्या मातीच्या भिंतीवर, जमिनीपासून जेमतेम दीड हातावर, लाकडाच्या गोल ठोकळ्यावर एक काळं बटन बसवलेलं होतं. घराचा मालक रामाजीभाऊ माझ्या शेजारी उभा होता. तो हसला नाही.

"बसल्या जागी हात पुरला पायजे मनून लावलं," तो म्हणाला.

"कोनाचा हात?"

"घरवालीचा."

"मंग बलवा तिले. तिलेच समजावून सांगतो."

मी खाली बघायला लागलो. रामाजीभाऊनं नेहमीच्या आवाजात सांगितलं, "ती नाई आता. मांगच्या पावसाळ्यात तापानं गेली."

वामनरावांनी कमरेवरचे हात काढले.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यातली. चिमूर आणि मोहर्लीच्या मधल्या जंगलात आमचं सावरटोला हे पन्नास घरांचं गाव. मी गावचा पोस्टमास्तर, म्हणजे माझ्याच ओसरीवर एक पेटी, एक शिक्का आणि आठवड्यातून चार पत्रं. रामाजीभाऊचं घर माझ्या घराला लागून. गावात विजेचे खांब यायच्या सहा वर्षं आधीपासून वायरिंग झालेलं घर हे एकच, आणि त्यावरून आम्ही त्याला जे छळलं ते आठवलं की आता लाज वाटते.

वायरिंगच्या आधी तो चंद्रपूरला वीज केंद्राच्या बांधकामावर तीन वर्षं मजुरीला होता. तिथं एका वायरमनच्या हाताखाली तारा ओढता ओढता त्यानं काम नुसतं बघून शिकून घेतलं. गावी परतला तो एक पक्कड, दोन पेचकस आणि डोक्यात हे खूळ घेऊन. इथं वीजच नव्हती, म्हणून हाताला लागेल ते तो दुरुस्त करायचा. लोकांच्या टॉर्च, ट्रान्झिस्टर, स्टोव्ह, लग्नातली गॅसबत्ती, एवढंच काय, माझ्या शिक्क्याची अडकलेली तारखेची चाकंसुद्धा. कुणाकडे बसायला गेला की बोलता बोलता त्याची नजर ढिल्या स्क्रूकडे जायची आणि मागोमाग बोट.

एक्क्याऐंशी साली कुणीतरी सांगितलं की पुढच्या उन्हाळ्यात लाइन येणार. झालं, हा कामाला लागला. लाकूड डेपोतून आणलेल्या सागाच्या चिपा रंधून त्यानं पट्ट्या केल्या, त्यांवरून तार नेली. टेप मिळेना तेव्हा जोडांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणून मीठ आणि कोळसा भरला, तर अर्धा गाव हे काय पुरतोय म्हणून बघायला आला. एक दिवा बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोवर, एक ओसरीत आणि एक चुलीवर.

बटन खांद्याच्या उंचीवर असतं हे त्याला काय ठाऊक नव्हतं? पण त्याच्या बायकोचे, बायनाबाईचे गुडघे दुखायचे. चुलीपुढे पाटावर बसली की पुन्हा उठणं तिच्या जिवावर यायचं. त्यानं तिला पाटावर बसवलं, उजवा हात लांब करायला लावला आणि बोट जिथं टेकलं तिथं कोळशानं फुली मारली. मी तेव्हा तिथंच होतो.

"मास्तर, यायले जरा समजावा," ती मला म्हणाली. "बटनानं भात शिजते का?"

पुढचा उन्हाळा आला, लाइन आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी खांब नाल्यापर्यंत आले आणि पावसाळाभर तिथंच आडवे पडून राहिले. बायनाबाईची जीभ तिखट. पाहुणे आले की ती सांगायची, "आमच्या घरी लाइट हाये बरं, फक्त दिसत नाई." आम्ही पोट धरून हसायचो आणि रामाजीभाऊ उठून गाईला पाणी दाखवायला जायचा. दर उन्हाळ्यात तो टॉर्चचे सेल जोडून तारा तपासायचा. एकदा त्यानं चुलीवरच्या तारेला टॉर्चचा बल्ब लावला आणि तिला बटन दाबायला सांगितलं. तिनं दाबलं. वर बारीकसा उजेड पडला. तिनं मान वर करून बघितलं, "काजवा हाये," म्हणाली आणि भाकर उलटवली.

हे त्याच्या मनाला लागून राहिलं. ती गेली त्यानंतर महिनाभरानं माझ्या ओसरीवर बसून तो म्हणाला होता, "अंधारात गेली, त्याचं मी समजू शकतो मास्तर. लाइन काई माह्या हातात नवती. पन तिचा भरोसाच नवता. मी पाच वर्सं जे करून राह्यलो, ते तिले खेळच वाटे." त्या खेळाला हसणाऱ्यांत मी पहिला होतो. तेव्हापासून त्यानं चूल सोडली. ओसरीत स्टोव्हवर भात टाकायचा आणि तिथंच जेवायचा.

आणि आता खांब गावात पोचले होते, आणि वामनराव घरोघर वायरिंग तपासत होते.

"भाऊ, काम चांगलं हाये तुमचं," ते म्हणाले. आता त्यांचा आवाज खाली आला होता. "पट्ट्या तं आमच्या मानसाईपेक्षा सरळ मारल्या. पन ह्या बटनाले मी पास नाई करू शकत. इथी पानी सांडते, ओला हात लागते, मानूस जाईन. साडेचार फुटावर घ्या. चार वाजेपर्यंत मी खांबावर हावो. उद्या आमची गाडी दुसऱ्या गावाले जाते. मंग तुमचं कनेक्शन पुढच्या उन्हाळ्यात."

मला वाटलं हा भांडणार. पण नियमातलं तथ्य त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"घेतो वरतं," तो म्हणाला.

भिंतीला टेकवलेला पाट त्यानं घेतला, धूळ झटकली आणि चुलीपुढे मांडून त्यावर बसला. तिथं बसलेला मी त्याला कधीच बघितला नव्हता. ती जागा तिची. खोलीत भर दुपारीही अंधार, म्हणून मी टॉर्च धरली. पेचकस लावायच्या आधी सवयीनं त्यानं बटन एकदा खाली-वर केलं. आवाज जवळजवळ आलाच नाही. त्यानं पुन्हा केलं. कुणाच्याही घरी ढिली वस्तू दिसली की कपाळावर पडायची ती आठी पडली.

वामनरावांनी वाकून बोट लावलं. "हे तं पार ढिलं हाये. जुनं लावलं का?"

"नवं कोरं होतं. तिनई बटनं एकाच दिवशी चिमूरहून आनले."

"मंग स्प्रिंग गेली याची. लई वापरलं हाये हे."

"वापरन कोन? लाइनच नाई तं..."

बोलता बोलता तो थांबला. उठून बाहेरच्या खोलीत गेला. तिथून खट्ट असा आवाज आला. मग ओसरीतून आला, तसाच करकरीत. परत येऊन तो पाटावर बसला, माझ्या हातातली टॉर्च घेतली आणि बटनाजवळ नेली. जिथं बोट टेकतं तिथला काळा रंग झिजून गुळगुळीत झाला होता. स्क्रूच्या खाचेत हळद वाळून बसली होती. ठोकळ्याच्या खालच्या कडेला तेलकट बोटांचा डाग होता, एकाच जागी, पुन्हा पुन्हा पडून काळा झालेला.

"साहेब," त्यानं विचारलं, "इतकं ढिलं व्हाले किती दिस लागतीन?"

"रोज दोनदा दाबलं तरी चार-पाच वर्सं लागतीन."

"रोज," रामाजीभाऊ म्हणाला.

टॉर्च तशीच भिंतीवर धरलेली होती. "मले तं मने काजवा हाये," एवढं कसंबसं म्हणाला आणि रडायला लागला, हातात पेचकस तसाच धरून. बायनाबाईच्या विनोदांना खदाखदा हसणारा मी, माझीही अवस्था फार वेगळी नव्हती. तिनं आम्हा सगळ्यांना हसवलं होतं आणि स्वतः मात्र रोज, कुणी बघत नसताना, तो न लागणारा दिवा लावून बघत होती.

वामनराव दाराशी खोळंबले होते. रामाजीभाऊनं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"हे नाई काढत मी."

"भाऊ, मंग मले..."

"आयका तं. तार कापतो इथली. करंट येनारच नाई. दुसरं बटन दाराजवळ वरतं लावतो, तुमच्या नियमानं. हे असंच राहू द्या भिताडाले."

वामनरावांनी जरा विचार केला. "बिनातारेच्या बटनाले कोनता नियम लागते?" ते म्हणाले आणि पिशवीतून एक नवं बटन काढून त्यांनीच पुढे केलं. साडेचार फूट त्यांनी स्वतः मोजून दिले.

चार वाजता लाइन आली. लोक ओसरीत दाटले होते, पण रामाजीभाऊ आत होता. दिव्याच्या उजेडात इतक्या वर्षांची काजळी, फडताळातल्या पितळ्या, कोपऱ्यातलं जातं, सगळं एकदम समोर आलं. तो ते बघत उभा राहिला. बाहेरून लोक त्याच्या नावानं हाका मारत होते, तरी बराच वेळ आला नाही.

आता तो पुन्हा चुलीवर रांधतो. मध्ये एकदा मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या डब्यात इतक्या स्प्रिंगा पडल्या हायेत. त्या बटनात एक टाका ना, आवाज तं येईन." अख्ख्या गावातलं ढिलं घट्ट करणारा हा माणूस. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"नाई मास्तर. असू द्या."

आमच्या दोन घरांमध्ये एक कुडाची भिंत आहे, त्यानंतरच्या पावसात माती गळून तिला एक झरोका पडला. दिवेलागणीला मी ओसरीवरची पेटी आत घ्यायला उठतो तेव्हा त्यातून रामाजीभाऊ चुलीपुढे दिसतो. पाटावर बसतो, उजवा हात लांब करून खालचं बटन दाबतो आणि अंधारात जरा वेळ तसाच थांबतो. मग गुडघ्यावर हात टेकून उठतो आणि दाराजवळच्या बटनाकडे जातो.